क्षमता चौदा

औतवाडीच्या नावेवर आकडा मीच टाकला होता.
पिवळ्या पट्ट्यावर काळा ऑइलपेंट,
‘प्रवासी क्षमता १४’,
खाली ग्रामपंचायतीचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात
सुबराव पेंटर, कुरुंदवाड.
साडेतीनशे ठरले होते. तीनशे मिळाले.

एकच झालं,
नाव घाटाला उजव्या अंगानं लागायची
आणि आकडा होता डाव्या अंगाला.
पायरीवरून चढणाऱ्याला तो दिसायचाच नाही.
नदीला तेवढा दिसायचा.
ती रोज वाचत होती.

जाकिटं आली होती तालुक्यातून, चौदाच,
प्लास्टिकच्या पिशव्यांसकट.
भिजून खराब होतील म्हणून
कचेरीच्या कपाटात ठेवलेली,
आणि किल्ली रजेवर गेलेली.

तो बाजाराचा दिवस.
वर धरणाचे दरवाजे उघडलेत म्हणत होते,
पाणी गढूळ, जलपर्णी वाहून येत होती.
बाळकू अंबीनं वल्हं आडवं धरलं,
‘बास, आता पुढच्या खेपेला.’
पुढची खेप म्हणजे अंधार.
शेवंता कोळेकर म्हणाली, धारेची वेळ झाली रं,
म्हस वाट बघतीया.
गुरवाची तानू चढली, तिच्यामागं तिची शेळी,
समीर मुजावर सायकलसकट,
भरमूचे दुधाचे रिकामे कॅन, सात,
आणि चढणारा प्रत्येकजण तेच,
एकानं काय हुतंय, बाळकू?

मीही चढलो.
पिशवीत ब्रश, टर्पेंटाइनची बाटली,
पल्याडच्या गिरणीचा बोर्ड करायचा होता.
आकडा लिहिणारा मी,
मीच म्हणालो, एकानं काय हुतंय.
मी कितवा, ते नंतर चौकशीत निघालं.
एकतिसावा.

मध्यावर जलपर्णीचं एक बेटच येऊन टेकलं.
बाळकू ओरडला, हलू नका!
हलले. सगळे. एकाच अंगाला.

त्यापुढचं मला क्रमानं सांगता येत नाही.
पाण्याखाली कुणाच्या तरी बांगड्या
मनगटाला घासल्या आणि सुटल्या.
मग झाकण लावलेला एक कॅन.
त्याला मिठी मारली.
आंबूस दुधाचा वास.
कॅन भरमूचा होता. भरमू नव्हता.

नऊजण. बाळकू धरून.

तिसऱ्या दिवशी नाव ओढून काढली,
ऊस वाहायच्या ट्रॅक्टरनं.
गाळ पुसला तर आकडा होता तसाच,
एक टवका उडालेला नाही.
साहेबांनी विचारलं, अक्षर स्पष्ट होतं का?
म्हटलं, होय साहेब, रंग पक्का होता.
त्यांनी लिहून घेतलं.

आता नवी नाव आलीय, फायबरची.
सरपंच म्हणाले, सुबराव, तेवढी क्षमता टाक.
बाहेर टाकली, दोन्ही अंगांना.
मग कुणाला न विचारता आत उतरलो,
तळावर चौदा चौकोन आखले,
प्रत्येकात पांढरी दोन पावलं,
मापाला माझीच चप्पल.
एक जोडी पोराच्या मापाची केली,
ती करताना हात जरा थांबला.
सायकलीला चौकोन नाही. कॅनला नाही.
जाकिटं आता नावेतच, खुंटीला,
मी लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण लिहिलं :
कुलूप लावू नये.

परवा दिवेलागणीला घाटावर आलो,
गिरणीचा बोर्ड अजून राहिलाय.
चौदाही जोड्या पावलं झाकलेली.
वल्ह्याशी बाळकूचा थोरला, महादू.
तो माझ्याकडं बघत नव्हता, पाण्याकडं बघत होता.
ते वाक्य तोंडाशी आलं,
इतकं सवयीचं की जीभ आपसूक वळली.

गिळलं.
‘पुढच्या खेपेला,’ मी म्हणालो,
आणि पायरीवर बसलो.
नाव गेली. अंधार पडत गेला.
हाताला टर्पेंटाइनचा वास येत होता.